बंदूक नको, सोबत द्या!

माझी सून तलाठी आहे. कागदावर आता त्या पदाला ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणतात, पण गावात ती ‘तलाठी मॅडम’च. परवा रात्री साडेदहाला तिचा फोन वाजला. गिरणेच्या पात्रात वाळूचे ट्रॅक्टर उतरले होते. ओढणी बांधून ती गाडीवर निघाली, ती पहाटे दोनला परतली. तोवर माझा डोळ्याला डोळा नाही. सकाळी चहा पिताना म्हणते कशी, “आई, लायसन्स काढून रिव्हॉल्व्हर घ्यावं म्हणतेय.”

वं माय! माझ्या हातातली बशी तशीच राहिली.

पण तिचं तरी काय चुकलं? २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलभेसळ करणाऱ्यांनी दिवसाढवळ्या जिवंत जाळलं. जिथे एवढ्या मोठ्या साहेबांची ही गत, तिथे आमच्या पोरीचं काय?

गंमत म्हणजे अमेरिकेत वाद उलटा आहे. तिथल्या आयकर खात्याच्या गुन्हे तपास शाखेचे अधिकारी पिस्तूल बाळगतात. याच खात्याच्या तपासामुळे १९३१ साली अल कपोन हा कुख्यात गुंड करचुकवेगिरीत अडकला. तरीही २०२२ मध्ये, या खात्याला काडतुसं घेऊच देऊ नका, असं विधेयक तिथल्या संसदेत मांडलं गेलं. कर घेणाऱ्याला बंदूक कशाला, हा त्यांचा सवाल.

हा सवाल मला पटतो. आपल्या खानदेशातही १८५२ साली शेतसाऱ्यासाठी इंग्रजांची मोजणी आली, तेव्हा सावदा, रावेर, चोपडा भागातले शेतकरी बिथरले. सरकारने फौज पाठवून त्यांना गप्प केलं. भीतीने सारा मिळतो हो, विश्वास नाही मिळत. आज नवरा गेलेली बाई वारस नोंदीसाठी तलाठ्याच्या टेबलासमोर बसते. कमरेला रिव्हॉल्व्हर लावलेल्या मॅडमपुढे ती मन मोकळं करेल का? आणि अंधारात दहा जणांनी घेरलं, तर ते हत्यार कोणाच्या हातात जाईल?

म्हणून म्हणते, बंदूक नको, सोबत द्या. रात्रीच्या कारवाईला सरकारी गाडी आणि हत्यारी पोलीस असल्याशिवाय कोणालाही, बाई असो की पुरुष, एकटं पाठवू नका. आणि हे तोंडी नको, लेखी हुकूम हवा. शस्त्राचा परवाना देतात कलेक्टरसाहेब, आणि महसुलाचे प्रमुखही तेच. परवाना देण्याइतका धोका त्यांना दिसत असेल, तर गाडी आणि पोलीस मिळवून द्यायला काय हरकत आहे?

सुनेला मी एवढंच म्हटलं, “अर्ज कर, पण सोबतीचा कर.” मैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशी एखादी मॅडम असेल. रात्री तिची वाट बघत जागता ना? मग तिच्यासाठी दिवसा बोला.