दादाची गाडी आणि वहिनीची कंबर

माझा आत्येभाऊ इंग्लंडमध्ये राहतो. त्याने घराच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने स्पोर्ट्स कार बांधली आहे. तिकडे हा छंद जुना आहे. १९५७ मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची दोन माणसांची, उघडी, अगदी हलकी गाडी आणली. ती सुट्या भागांच्या स्वरूपातही मिळायची. घरी आणायची आणि जोडायची! पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांच्या पुस्तकाने तशीच गाडी जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरून स्वस्तात कशी बांधायची ते शिकवलं. दादाने तोच मार्ग धरला.

तीन वर्षांचे शनिवार-रविवार त्यात गेले. वहिनीने कधी तक्रार केली नाही, कारण गाडी दोघांनी फिरायला जाण्यासाठी होती. सरकारी तपासणीही पार पडली. मग दादाला वाटलं, स्पोर्ट्स कार म्हणजे सस्पेन्शन कडक हवं. त्याने जाड, कडक स्प्रिंग आणून बसवल्या.

पहिल्याच फेरीत एका वळणावर रस्ता थोडा उंचसखल होता. गाडीचं मागचं अंग उडालं आणि बाजूला सरकलं. सुदैवाने समोरून कोणी येत नव्हतं. घरी आल्यावर वहिनी एवढंच म्हणाली, "माझी कंबर गेली ते जाऊ दे. पण यापुढे तू एकटाच जा."

चुकलं कुठे?

स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर ही जोडी आहे. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि धक्का झेलते. पण दाबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने उसळी मारते. ती उसळी शांत करणं हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं काम. दादाने स्प्रिंग नव्या घातल्या, शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र जुनेच ठेवले. त्यांना ती उसळी आवरेना. टायर क्षणभर रस्ता सोडू लागले, आणि जो टायर रस्त्यावर नाही तो गाडीला वळवूही शकत नाही आणि थांबवूही शकत नाही.

शिवाय ही गाडी जेमतेम साडेपाचशे किलोची. साठ किलोची वहिनी शेजारी बसली की वजन एकदम नवव्या हिश्श्याने वाढतं. एवढ्या हलक्या गाडीला मुळात मऊ स्प्रिंगच पुरते.

एका वेळी एकच बदल

दादाने सगळं उतरवून पहिल्यापासून सुरुवात केली. आधी टायर आणि त्यातली हवा तपासली. मग रबरी बुश पाहिले. ते फाटले होते, कारण बोल्ट त्याने गाडी जॅकवर असतानाच घट्ट आवळले होते. गाडी खाली आली की रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. असे बुश गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे असतात. पॉलियुरेथेनचे बुश गाडीला अधिक नेमकं वळवतात, पण धक्के आणि आवाजही जास्त येतात. दादाने वहिनीचा विचार करून रबरीच घातले.

त्यानंतर वजनाला साजेशा मऊ स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आले. शेवटी दोघं गाडीत बसून चाकांचं अलाइनमेंट आणि चारही चाकांवर पडणारं वजन जुळवून घेतलं. प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर हळू फेरी आणि वहीत नोंद. विमा कंपनीलाही बदल कळवले.

आपल्यासाठी काय?

आपल्याकडे असा प्रयोग रस्त्यावरच्या गाडीवर करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. मात्र झिजलेले भाग त्याच मापाचे नवे घालायलाच हवेत.

घरच्या गाडीकडे जरा लक्ष द्या. गतिरोधकावरून गेल्यावर ती डोलतच राहते का? शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर तेल ओघळलेलं दिसतं का? टायर एकाच बाजूने झिजतात का? खड्ड्यात खटखट आवाज येतो का? यातलं एक जरी दिसलं तरी मेकॅनिककडे जा. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलायचे झाले तर एकाच अ‍ॅक्सलवरचे दोन्ही मिळून बदला.

आणि शेजारी बसणाऱ्याचं ऐका. स्टिअरिंग धरलेल्या माणसाला गाडीचं कौतुक असतं, धक्के शेजारच्याला कळतात. परवा दादाचा व्हिडिओ कॉल आला. गाडी एका टेकडीवर उभी होती आणि वहिनी बाजूला थर्मासमधून चहा ओतत होती. मी विचारलं, "कंबर कशी आहे गं?"

"कंबर बरी आहे," ती हसून म्हणाली, "आता वारा तेवढा लागतो!"