बर्फाचे फोटो झाले, क्रेडिट्सचं काय?

इन्स्टावर सीनियरचे जर्मनीतले बर्फातले फोटो पाहून तुम्हालाही 'एक सेमिस्टर बाहेर' करावंसं वाटतंय? जरूर करा. पण ती परत आल्यावर काय झालं, तेही ऐका. तिकडे पास झालेल्या दोन विषयांना इथे समकक्ष विषयच नाहीत म्हणे! ते दोन पेपर ती आता ज्युनिअर्ससोबत बसून देतेय.

घोळ होतो कुठे? युरोपात एका सेमिस्टरला 30 क्रेडिट्स, एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचा अभ्यास. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात सेमिस्टरला 20. आकडे आपोआप जुळत नाहीत, कुणीतरी बसून जुळवावे लागतात. त्यात जर्मनीतल्या हिवाळी सत्राच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबतात, तोवर आपलं पुढचं सेमिस्टर निम्मं व्हायला आलेलं असतं.

यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार ट्विनिंग अभ्यासक्रमात 30 टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स परदेशात मिळवता येतात. पण त्यासाठी दोन संस्थांमध्ये करार लागतो. तुमच्या कॉलेजचा आहे का? आधी विचारा.

युरोपात 'इरॅस्मस'मधून जाणाऱ्या मुलांचं लर्निंग अ‍ॅग्रीमेंट निघण्यापूर्वीच होतं. कुठले विषय, किती क्रेडिट्स, सगळं त्यात. खाली विद्यार्थ्याची आणि दोन्ही विद्यापीठांची सही. आमच्या सीनियरला मिळालं होतं तोंडी उत्तर, 'जाऊन ये, मग बघू.' (हॉल तिकिटाबद्दलही हेच ऐकतो आपण!)

तेव्हा व्हिसाच्या अपॉइंटमेंटआधी विषयांची यादी घेऊन एचओडींना गाठा आणि मंजुरी लेखी घ्या. तिच्याकडे दाखवायला साधा ईमेलसुद्धा नव्हता.