नोना टेंगरा : एका क्षुद्र माशाची बाजू

लहान माणसाला जगांत मान नाहीं, तसा लहान माशालाही नाहीं. सुंदरबनांतील नोना टेंगरा हा असाच एक उपेक्षित जीव. अंग खवल्यांवांचून गुळगुळीत, तोंडाभोंवतीं मिशांच्या चार जोड्या आणि पाठीवर एक व छातीच्या परांवर एकेक असे तीन तीक्ष्ण कांटे. बंगालींत ‘नोना’ म्हणजे खारट. सन १८२२ मध्यें फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें.

त्याचा खरा गुण निराळाच आहे. गोड्या पाण्यांत माशाच्या अंगांत पाणी आपोआप शिरतें. तें मूत्रपिंडांना सतत बाहेर टाकावें लागतें. खाऱ्या पाण्यांत उलट शरीर शुष्क होऊं लागतें. तेव्हां मासा पाणी पितो व जादा मीठ कल्ल्यांवाटे सोडतो. बहुतेक माशांना यांपैकीं एकच विद्या येते. टेंगऱ्याला दोन्ही येतात. म्हणून भरतीनें खारट व पावसानें गोड होणाऱ्या खाडींत तो सुखानें नांदतो.

कोणी म्हणेल, ‘जो सर्व सोसतो, त्याची काळजी कशाला?’ हा न्याय नव्हे. वाघी कोळंबीचीं पिल्लें धरण्याच्या बारीक जाळ्यांत इतर माशांचीं असंख्य पिल्लें सांपडतात. कोळंबी निवडून बाकीचीं काठावर फेकलीं जातात. बांगलादेशानें सन २००० मध्यें या पकडीस बंदी केली. परंतु कायद्यानें पोट भरत नाहीं; आणि कमरेएवढ्या पाण्यांत जाळें ओढणाऱ्या गरीब बाईस दोष देऊन, ती कोळंबी चवीनें खाणारे मोकळे होत नाहींत.

काकद्वीप येथील सरकारी संशोधन केंद्रांत या माशाची पैदास करण्यांत यश आलें आहे. हें स्तुत्यच होय. तथापि तेवढ्यानें खाडीचें काम भागलें असें मानणें मला चुकीचें वाटतें. तळ्यांतला मासा तळ्याच्या मालकाचा. खाडींतला मासा ज्याच्या हातीं जाळें त्याचा. खाडी गेली तर गरिबाच्या ताटांतला मासा प्रथम जाईल.

हाच मासा आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांतही आढळतो. आणि आपण काय करतों? कांदळवन तोडतों, भराव घालतों, आणि खाडीला ‘पडीक जागा’ म्हणतों. विद्यार्थिबंधूंनो, ज्यानें निळा समुद्र निर्मिला, त्यानेंच हें गढूळ पाणीही निर्मिलें. त्यास पडीक म्हणण्यापूर्वीं ओहोटीच्या वेळीं एकदां खाडीच्या कांठीं उभे राहा, आणि तेथें किती जीवांचा संसार चालला आहे तें डोळ्यांनीं पाहा.