चाल कुणाची, खाते कुणाचे?

लोकांना आवडले म्हणजे ते उथळच असणार, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकून आहे. संगीताच्या बाबतीत तर ती फारच घट्ट. साता समुद्रापलीकडे अमेरिकेतले जॅझचे जाणकारही या बाबतीत आपलेच सोयरे निघतात. ऑक्टोबर १९७३ मध्ये पियानोवादक हर्बी हॅनकॉकचा ‘हेड हंटर्स’ हा अल्बम बाजारात आला, तेव्हा त्यांतल्या अनेकांनी नाके मुरडली. हा तर नाचायला लावणारा ठेका! एवढा मोठा कलावंत बाजारात बसला म्हणायचा!

कलावंत खरोखरच मोठा होता. १९४० मध्ये शिकागोत जन्मलेल्या या मुलाने अकराव्या वर्षी शिकागो सिम्फनीबरोबर मोझार्ट वाजवला. पुढे तो इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि संगीत घेऊन बाहेर पडला. १९६३ पासून पाच वर्षे त्याने माइल्स डेव्हिससारख्या अवलिया ट्रम्पेटवादकाच्या पंचकात साथ केली. सत्तरीच्या सुरुवातीला त्याने स्वतःचा ताफा उभारला. ‘म्वांडिशी’ या नावाने ओळखला जाणारा हा ताफा अवघड, अमूर्त, प्रयोगशील संगीत वाजवी. जाणकार माना डोलावत. मात्र ताफ्याचा जमाखर्च काही जुळत नसे. शेवटी तो मोडावा लागला.

मग हॅनकॉकने जमिनीवर यायचे ठरवले. ‘हेड हंटर्स’मध्ये शब्द नाहीत, गायक नाही, इतकेच काय, गिटारही नाही. गिटारचा तुटक, खणखणीत आवाज तो क्लॅव्हिनेट नावाच्या पेटीवर काढतो. बेनी मॉपिन सॅक्सोफोन वगैरे फुंकवाद्यांवर, पॉल जॅक्सन बासवर, हार्वी मेसन ड्रम्सवर आणि बिल समर्स तालवाद्यांवर, असे पाच जण आणि चारच रचना. त्यातली ‘कमेलिअन’ पंधरा मिनिटांहून मोठी. सिंथेसायझरवर खर्जातली एक छोटी ओळ सुरू होते आणि येतच राहते. आपल्या लेहऱ्यासारखीच ती. ओळ तीच, पण भोवतीचे रंग सरड्यासारखे बदलत जातात, आणि नावाचा अर्थही तोच आहे. लोकांनी हा अल्बम डोक्यावर घेतला. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००७ च्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायला घेतला. नाके मुरडणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर द्यायला नको.

पण माझ्यासारख्या, उमेदीची वर्षे बँकेच्या खातेवह्यांत घालवलेल्या माणसाचे मन तिथे थांबत नाही. ते विचारते, यात भांडवल कुणाकुणाचे?

दुसरी रचना ‘वॉटरमेलन मॅन’ घ्या. ही हॅनकॉकची जुनीच चाल, १९६२ मधली. लहानपणी शिकागोच्या गल्लीत कलिंगडवाल्याची गाडी फरसबंदीवर खडखडत यायची, त्या आठवणीतून सुचलेली. त्या वेळी डोनाल्ड बर्ड या वडीलधाऱ्या ट्रम्पेटवादकाने बावीस वर्षांच्या या पोराला बजावले होते की, कंपनी काहीही म्हणो, चालीचे हक्क सोडू नकोस. पोराने ऐकले. पुढच्याच वर्षी मोंगो सांतामारियाने ती चाल वाजवून गाजवली आणि हक्काचे पैसे हॅनकॉकच्या घरी येऊ लागले. एक सल्ला माणसाला किती वर्षे पोसतो पाहा!

१९७३ च्या अवतारात या चालीची सुरुवात मात्र वेगळी आहे. बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकर मारतो, मध्येच आवाज काढतो, पुन्हा फुंकर. ऐकताना गंमत वाटते. ही युक्ती मध्य आफ्रिकेतल्या जंगलात राहणाऱ्या बाबेन्झेले लोकांची. पपईच्या देठाची एकसुरी शिट्टी आणि गळा आलटूनपालटून वापरायचा, या प्रकाराला ते ‘हिंदेव्हू’ म्हणतात. शिकारीहून परतल्याची वर्दी त्यातून दिली जाते. सिम्हा आरोम या संशोधकाने केलेले त्यांचे ध्वनिमुद्रण १९६६ मध्ये तबकडीवर आले आणि तिथून हा सूर अमेरिकेत पोहोचला. रचनाकार म्हणून नाव मात्र एकट्या हॅनकॉकचे. १९९४ मध्ये मॅडोनाने ‘सँक्चुअरी’ या गाण्यात हॅनकॉकच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरला, तेव्हा गीताच्या श्रेयात हॅनकॉकचे नाव रीतसर आले. जंगलातल्या मूळ खातेदाराचे नाव तेव्हाही आले नाही. स्टीव्हन फेल्ड या अभ्यासकाने १९९६ मध्ये ही सगळी साखळी तपशिलाने मांडली.

यात कुणी कायदा मोडला का? नाही. हक्काच्या कायद्याला रचनाकाराचे नाव लागते, तारीख लागते. शेकडो वर्षे तोंडातोंडी चालत आलेल्या, सगळ्या टोळीच्या मालकीच्या सुरावर सही कोण करणार? सही नाही म्हणून खाते नाही, आणि खाते नाही म्हणून जमा नाही. नियम पाळूनही अन्याय कसा होतो, याचा याहून स्वच्छ नमुना मला ठाऊक नाही.

यावर एक युक्तिवाद होतो. गुलाम म्हणून आफ्रिकेतून ओढून आणलेल्यांच्या वंशजांनी आफ्रिकेचा सूर उचलला, तर ती चोरी कशी? ते तर घरचेच. मला हे बरेचसे पटते. संगीत उसनवारीवरच जगते. शेजारच्या घरून चमचाभर विरजण आणावे आणि आपल्या दुधाचे दही लावावे, तसे ते असते. दही आपलेच, विरजणाचा हिशेब कुणी मागत नाही. पण दही फार छान लागले म्हणून पाहुण्यांनी वाखाणले, तर विरजण कुठले ते सांगायला काय हरकत आहे? आणि त्या दह्याचा धंदा जोरात चालला, तर शेजारणीच्या घरी एक वाटी पोचती करायला नको?

आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत एक साधी रीत होती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या पदांवर राग-तालाबरोबर ‘चाल’ छापलेली असे, म्हणजे मूळ कुठल्या पदाच्या चालीवर हे बेतले आहे त्याचा उल्लेख. त्या एका ओळीने किर्लोस्करांचे मोठेपण तसूभरही कमी झाले नाही. उलट ‘सौभद्र’ १८८२ पासून आजवर टिकून आहे.

म्हणून ‘हेड हंटर्स’ जरूर ऐका. घरातल्या तरुण मुलांबरोबर ऐका, पायाने ठेका धरा, त्यात कमीपणा मानू नका. फक्त ती बाटलीतली फुंकर आली की मुलांना बाबेन्झेले हे नाव सांगा. कायद्याने न उघडलेल्या खात्यावर आपल्यासारख्या ऐकणाऱ्याला एवढीच रक्कम भरता येते. ती तरी थकवू नये.