संशोधनाचा आराखडा : पहिला प्रश्न आपला असावा

आपल्या शाळेतून दहावी होऊन गेलेली मुले-मुली आज मुरुम, उमरगा, लातूर, सोलापूर येथील महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांच्यापुढे लवकरच एक असे काम येणार आहे, जे आमच्या पिढीपुढे पदव्युत्तर शिक्षणानंतरच आले. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची करता येते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणारा विद्यार्थी चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेऊ शकतो आणि त्यासाठी त्याला १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहावा लागतो. या प्रबंधाची पहिली पायरी म्हणजे संशोधन आराखडा. हा आराखडा लिहिण्याची तयारी महाविद्यालयात नव्हे, तर शाळेतच सुरू झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी एम.फिल.साठी प्रथम सादर केलेल्या आराखड्याचे शीर्षक होते ‘मराठवाड्यातील ग्रामीण जीवनाच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास’. उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा, प्रकरण योजना, संदर्भसूची असे सर्व काही त्यात होते. मार्गदर्शकांनी तो वाचून एवढेच विचारले, “यातले तुम्हाला नेमके काय ठाऊक नाही?” मला उत्तर देता आले नाही. खरे तर मी जुन्या प्रबंधांतील मथळे उतरवून घेतले होते. आराखडा परत आला. तो अपमान वाटला आणि बरेच दिवस मी ग्रंथालयाकडे फिरकलो नाही.

आज कळते की तो प्रश्न म्हणजेच आराखड्याचे सार होते. आपल्याला काय माहीत नाही, ते माहीत करून घेणे का आवश्यक आहे, इतरांनी त्याविषयी काय शोधले आहे आणि आपण ते कसे शोधणार आहोत, या चार गोष्टींचे प्रामाणिक निवेदन म्हणजे आराखडा. आपल्या मुलांना पंधरा वर्षे उत्तरे लिहायला शिकविले जाते आणि मग एके दिवशी अचानक प्रश्न मागितला जातो. तेव्हा ते बिचारे झेरॉक्सच्या दुकानातील तयार प्रतीकडे किंवा संगणकाने क्षणात लिहून दिलेल्या मजकुराकडे वळले, तर दोष त्यांचा एकट्यांचा कसा?

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे पाहावे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला. जातींची यंत्रणा, उगम आणि विकास हा त्याचा नेमका विषय होता. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध प्रथम स्वीकारला गेला नाही. त्यांनी तो सुधारून पुन्हा सादर केला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळविली. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि आपले मतभेदही त्यातच नोंदविले. परत आलेला मसुदा ही लाज नव्हे आणि मार्गदर्शकाशी मतभेद हा उद्धटपणा नव्हे, हे आपल्या मुलांनी यावरून शिकावे.

आता आपल्याच परिसरातील एक उदाहरण घेऊ. ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शैक्षणिक समस्या’ हा विषय आराखड्यासाठी फार मोठा आहे. त्याऐवजी असे विचारता येईल : उमरगा तालुक्यातील एका गावात, आईवडील तोडीला गेल्यावर वसतिगृहात राहिलेली मुले आणि आईवडिलांबरोबर गेलेली मुले, यांच्या दहावीपर्यंत टिकण्यात गेल्या दहा वर्षांत किती फरक पडला? येथे स्थळ, काळ आणि तुलना निश्चित झाली. शाळेचे जनरल रजिस्टर व हजेरीपट हे साधन झाले. वीस कुटुंबांच्या मुलाखती एका विद्यार्थ्याला झेपतील. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमती आणि मुलांची नावे गुप्त ठेवण्याची हमी यांचाही उल्लेख आराखड्यात हवा. शिवाय घरी कन्नड किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलांना पहिलीत मराठी पुस्तक कसे वाटते, हाही आपल्या सीमाभागाचाच प्रश्न आहे. आजवर आपल्या वस्त्यांत आणि तांड्यांवर बाहेरची माणसे प्रश्नावल्या भरून घेत आली. आता प्रश्नावली तयार करणारा हात आपल्या मुलांचा असावा.

“तीन वर्षांत पदवी मिळत असता चौथे वर्ष कशाला?” ही पालकांची शंका रास्त आहे. एका वर्षाची मजुरी बुडणे ही लहान गोष्ट नाही. सर्वांनीच चौथे वर्ष करावे, असे मी म्हणणार नाही. परंतु चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर पदवी एका वर्षात पूर्ण करता येते. त्यामुळे पुढे शिकू इच्छिणाऱ्याचे हे वर्ष वाया जात नाही. ते केवळ पैशाअभावी सुटू नये, एवढे आपण पाहिले पाहिजे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना व शाळेला माझी तीन कामे सुचवायची आहेत. नववीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात स्वतःचा एक प्रश्न आणि तो सोडविण्याची रीत एका पानावर लिहावी. ज्या माजी विद्यार्थ्यांनी प्रबंध लिहिले आहेत, त्यांनी दरवर्षी दोघांचे मसुदे वाचावेत. ते स्वतः लिहून मात्र देऊ नयेत. शंका काढाव्यात आणि परत द्यावेत. आणि आपण सर्वांनी मिळून चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी शाळेत एक छोटा निधी उभारावा. माझ्याकडे येणारे पहिले दोन मसुदे वाचण्याचे वचन मी या स्मरणिकेतूनच देतो. वाचून झाल्यावर मी तोच जुना प्रश्न विचारीन : बाळा, यातले तुला नेमके काय ठाऊक नाही?