रनवेला पट्ट्या, मग पायरीला का नाही?

गावी एकटे राहणारे आजी-आजोबा आणि त्यांची अधू झालेली नजर हा विषय निघाला, की आपल्या आयटीवाल्यांचं एकच उत्तर असतं. कॅमेरा लावू! हिंजवडीत बसून मोबाईलवर आजी दिसते, आपल्याला बरं वाटतं. पण मंडळी, कॅमेऱ्यामुळे आपल्याला आजी दिसते, आजीला पायरी दिसत नाही. ती पडली हे आपल्याला लवकर कळेल, एवढंच.

आमचं गाव बिरसी, जिल्हा गोंदिया. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली, आज तिथे विमानतळ आहे. आता बघा, रनवेच्या काळ्या डांबरावर पांढऱ्या पट्ट्या मारतात. का? तर पायलटला कड नीट दिसावी म्हणून. त्याचे डोळे तर तपासून घेतलेले असतात, तरीही! आणि त्याच गावात काचबिंदू झालेली माझी आजी करड्या सिमेंटच्या पायरीवरून करड्याच अंगणात उतरते.

काचबिंदूत बहुतेकदा कडेची नजर आधी जाते, आणि गेलेली परत येत नाही. समोरचा माणूस ओळखू येतो, म्हणून आजी म्हणते, "मले दिसते ना बापा!" पायाशी ठेवलेली बादली मात्र दिसत नाही. मोतीबिंदूचं तसं नाही. २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं सुमारे ६६ टक्के कारण मोतीबिंदूच निघालं, आणि त्यावर ऑपरेशन आहे. म्हणून पहिला खर्च डोळे तपासण्याचा.

दुसरा घराचा. पायरीच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा. खाटेपासून बाथरूमपर्यंत रात्रभर दिवा, लाईट गेली तरी चालणारा. गॅसच्या बटणाजवळ 'बंद'च्या जागी एम-सीलचा ठिपका, बोटाला लागेल असा. बीपीच्या गोळ्यांच्या डबीला रबरबँड. झालं!

आणि हो, दिवाळीत जाऊन सामान इकडचं तिकडे करू नका. तिला ते घर पावलांनी पाठ आहे. "पुण्यालाच घेऊन येऊ" हे म्हणूनच मला पटत नाही. चकचकीत टाइल्सच्या अनोळखी फ्लॅटमध्ये ती जास्त सुरक्षित कशी? एक किल्ली शेजारी द्या, रोज फोन करा, १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन तिच्याकडून पाठ करून घ्या.

कॅमेरा हवा तर लावा, पण आधी रंगाचा डबा आणा. आणि पट्टा कुठे मारायचा ते तिलाच विचारा. घर तिचं आहे.