उंदराचं 'औषध' आणण्यापूर्वी

मैत्रिणींनो, शाळेला निघायची घाई, ओट्यावर पसारा आणि पिठाच्या डब्यामागे काळ्या लेंड्या! अशा वेळी आपण काय करतो? 'अहो, येताना उंदराचं औषध आणा,' असं ह्यांना सांगून मोकळ्या होतो.

मीही तेच केलं होतं. कणकेच्या पाच गोळ्यांत औषध घालून रात्री कपाटाखाली ठेवल्या. सकाळी चारच सापडल्या. पाचवी उंदराने खाल्ली असेल, म्हणून मी निर्धास्त! तासाभराने आमची दहा महिन्यांची धाकटी पलंगाखालून रांगत बाहेर आली, ती गोळी मुठीत घेऊन. तोंडात घातली नव्हती, एवढंच नशीब. उंदीर खाणं ओढूनही नेतो, हे मला तेव्हा कळलं.

आपण 'औषध' म्हणतो खरं, पण ते जहाल विष असतं. झिंक फॉस्फाइडची काळपट पूड पोटात गेली की तिचा विषारी वायू होतो. पिवळ्या फॉस्फरसचं मलम तर टूथपेस्टसारखं दिसतं. या दोन्हींवर उतारा नाही. म्हणून लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं असलेल्या घरात ही विषं नकोतच.

मग करायचं काय? आधी उंदराचं जेवण बंद करा. धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात, कांदे-बटाटे जमिनीपासून उंच, खरकटी भांडी रात्रीच घासलेली आणि केराच्या डब्याला झाकण. देवापुढचा नैवेद्य आणि तेलाची वातही रात्री उचला.

मग वाट बंद करा. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो. भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लिंपा. मोरीला बारीक जाळी आणि दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी बसवून घ्या.

आत राहिलेल्यांसाठी आपला जुना पिंजरा. तो भिंतीलगत ठेवा, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच फिरतो. नवी वस्तू दिसली की तो बिचकतो, म्हणून पहिल्या दोन रात्री भजं किंवा खोबऱ्याचा तुकडा नुसताच ठेवा, दार अडकवू नका. तिसऱ्या रात्री अडकवा.

लेंड्या कोरड्या झाडू नका. त्यांच्यावर ब्लीचिंगचं पाणी शिंपडून थोडा वेळ थांबा, हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून पुसा आणि हात साबणाने धुवा. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. पायाला जखम असेल, तर पावसाच्या साचलेल्या पाण्यात मुळीच उतरू नका.

आणि चुकून कुणाच्या पोटात विष गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. विषाचं वेष्टन सोबत घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठा. फॉस्फरसच्या विषात मधले एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. तेव्हा 'आता बरं आहे' म्हणून घरी थांबू नका.

पिंजऱ्याला चार दिवस जास्त लागतील, लागू देत. सकाळी गोळ्या मोजत बसायची वेळ तरी येणार नाही!